चाळीसचे पिस्टन

“हात धुतलेस?” अप्पांनी विचारलं.

“हो. साबणानं.”

“कशाला? परत घाणच करायचेत. ये इकडं.”

त्यांनी एक पाना माझ्या हातात ठेवला आणि स्वतः चिंचेखालच्या खाटेवर जाऊन बसले, पाहुणा बसतो तसे, पाय सोडून.

समोर परसात चार विटांवर फळी, आणि फळीवर आमच्या फियाटचं इंजिन. सकाळी डेपोतले दोघं ओळखीचे येऊन चिंचेच्या फांदीला चेन-पुली बांधून ते गाडीतून उचलून ठेवून गेले होते. इंजिन काढलेली गाडी बाजूला उभी होती. बॉनेट उघडं, आत पोकळी. दात काढलेल्या माणसासारखी दिसत होती.

“अप्पा, मला यातलं काही येत नाही.”

“चालवायला येत होतं न्हवं?”

मी पदर खोचला.

“वरचं झाकण म्हणजे हेड. त्याचे नट सोडव. मधनं सुरू करून बाहेर बाहेर जायचं. थोडं थोडं. एकदम एकच सोडलास तर हेड वाकडं होतंय. मी हाय हितंच.”

एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागले.

ही १९८८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मी मूळची मिरजेची, सासर गडहिंग्लजचं, आणि नोकरी नेसरीच्या हायस्कुलात, सायन्स शिकवायची. महांतेश, म्हणजे माझा नवरा, बेळगावला एका कारखान्याच्या ऑफिसात होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे पाच दिवस घरात अप्पा, अव्वा आणि मी. अप्पा म्हणजे माझे सासरे, शंकराप्पा हत्तरगी, एस.टी. डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. अव्वा म्हणजे सासूबाई.

आणि फियाट. ती अप्पांच्या वडिलांनी, गुळाचे व्यापारी असलेल्या अज्जांनी, १९६४ साली नवी कोरी घेतली होती. अज्जा गेले, व्यापार धाकट्या काकांकडे गेला, गाडी मात्र अप्पांकडे राहिली. घरात कुणीही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गाडी दाखवायची आणि अप्पांनी बॉनेटवर हात ठेवून म्हणायचं, “कंपनीतनं आल्यापास्नं इंजिनला पाना लागलेला नाही.” अज्जा हेच म्हणायचे म्हणे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मलाही ते ऐकवलं होतं. माझं लायसन्स होतं, मिरजेला वडिलांच्या जीपवर शिकले होते मी. पण फियाटला हात लावायला वर्ष गेलं, आणि तोही अप्पा शेजारी बसलेले असताना.

शाळेचा शेवटचा दिवस होता. निकाल लागले, वर्षभराच्या वह्या, तक्ते, प्रयोगाची बारीकसारीक भांडी घरी आणायची होती. सकाळी अप्पांनी स्वतः होऊन चावी पुढं केली. “जा. एकटी जा. बघू.”

मी गेले. येताना इंजिन जाळून आले.

रेडिएटरचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, फुटला होता. पाणी सगळं रस्त्यावर. मी गावाच्या वेशीपर्यंत कशीबशी पोचले आणि तिथं गाडीनं एक घोगरा आवाज काढला आणि जी थांबली ती थांबली. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसले. मेकॅनिक लोक त्याला ‘इंजिन धरलं’ म्हणतात.

बैलजोडी लावून गाडी घरी आणली. अप्पांनी खाली वाकून बघितलं, मग विचारलं, “उष्णतेचा काटा वर गेला असंल की. बघितला नाहीस?”

“नाही अप्पा. लक्षच नव्हतं.”

“हं.”

मी चावी त्यांच्या हातात दिली. “मी परत या गाडीला हात लावणार नाही,” मी म्हणाले. मनापासून म्हणाले, डोळ्यांत पाणीही होतं. मला वाटलं ते ‘असू दे गं’ म्हणतील. ते नुसते माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात पाना दिला.

अव्वांनी तर त्या दिवसापासून परसदारच लावून घेतलं. चहा झाला की दार किलकिलं करून दोन पेले उंबऱ्यावर ठेवायच्या, दार पुन्हा बंद. एकदाही बाहेर आल्या नाहीत, इंजिनाकडं नजर टाकली नाही. घरात माझ्याशी बोलायच्या, पण भाजी काय करायची, दूध आलं का, एवढंच. मी समजून घेतलं. सासऱ्याची लाडकी गाडी सुनेनं जाळली, राग येणारच.

पहिला नट सुटायला मला वीस मिनिटं लागली. कुंपणावरून जाणारा जो तो थांबून बघायचा. शेजारचे रिटायर पोस्टमास्तर तर रोज दोनदा यायला लागले.

“काय अप्पा, सुनेला कामाला लावलंय होय?”

“शिकती आहे. तुमच्या सायकलचं काय असंल तर आणा.”

दुपारपर्यंत हेड निघालं. खालचं तेलाचं ताट निघालं. मग अप्पा खाटेवरून उठले, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि एक एक पिस्टन खालून ढकलून वर कसा काढायचा ते दाखवलं. पिस्टन म्हणजे काय हे मी मुलांना फळ्यावर चौकोन काढून शिकवत आले होते. हातात पहिल्यांदा घेत होते. उपड्या डब्यासारखा, अ‍ॅल्युमिनियमचा, मुठीत जेमतेम मावणारा. पहिला काळा पण गुळगुळीत होता. दुसरा तसाच. तिसरा निघता निघेना. निघाला तेव्हा त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजरानं दार ओरबाडावं तसे, आणि एका बाजूला धातू वितळून पसरलेला.

अप्पांनी तो फडक्यात धरून उन्हात फिरवला. “हे बघ. हितं नुसता घासलाय. हितं चिकटलाय, सुटलाय, परत चिकटलाय. एका मिनिटात होत नाही हे. निदान दोन मैल चाललंय.”

मी हात फडक्याला पुसत राहिले.

“आणि हे होताना आवाज येतोय. गाडी ओढत नाही. काटा तर पार टोकाला.” त्यांनी पिस्टन माझ्या हातात दिला. “मी कोर्टात नाही विचारत. नुसतं विचारतोय.”

“बघितला होता काटा,” मी म्हणाले.

“मग थांबली का नाहीस?”

“मागून एस.टी. येत होती.”

“बरं?”

“त्यात आमचा सगळा स्टाफ होता. नेसरीच्या बाहेर मी त्यांना ओव्हरटेक केलं. हॉर्न वाजवला. घाटगे सरांना हात केला.”

“बरं.”

“मग थांबले असते तर ती एस.टी. मागून आली असती. बॉनेट उघडून उभी असलेली मी. सगळे खिडकीतून बघणार.”

अप्पांनी तंबाखूची गोळी थुंकली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ठसका लागलाय. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे घाटग्याला हात केलास म्हणून माझं इंजिन जाळलंस!”

“शेवटी वेशीवर ती एस.टी. आलीच पुढं निघून,” मी म्हणाले. “घाटगे सरांनी हात केला.”

हे ऐकून ते खाटेवर जाऊन आडवेच झाले.

त्या संध्याकाळी मी चारी पिस्टन घासलेटात बुडवून पितळी ब्रशनं घासायला बसले. वरच्या सपाट भागावर काजळीचा जाड थर होता. तो निघाला तसे खाली कोरलेले आकडे दिसले: शून्य, दोन, शून्य. दुसरा घासला. त्यावरही तेच.

“अप्पा, हे शून्य वीस काय आहे?”

“कंपनीचा नंबर असतोय कसला तरी,” ते म्हणाले आणि त्यांना अचानक गाईला पाणी दाखवायचं आठवलं.

दोन दिवसांनी आम्ही इंजिनचा रिकामा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून काकांच्या गुळाच्या टेम्पोत घातला आणि कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. ओरखडलेले सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करायचे, आणि ते जेवढे मोठे होतील तेवढे मोठे नवे पिस्टन घ्यायचे, असं हे काम. वाटेत अप्पांनी मला तीनदा सांगितलं की दस्तगीर मेस्त्रीचं वर्कशॉप आता त्याचा पोरगा बघतो, म्हातारा दुकानात येत नाही, गुडघे गेलेत त्याचे.

वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून दस्तगीर मेस्त्रीच बसले होते.

“अरारारा, शंकराप्पा!” ते ओरडले. “या की! आज पोरगं सांगलीला गेलंय, म्हटलं आपण बसावं जरा. आणि ह्या कोण?”

“सूनबाई,” अप्पा म्हणाले. आवाज जरा पडला होता.

ब्लॉक टेबलावर चढला. दस्तगीर चाचांनी एक मापाचं घड्याळ एकेका सिलिंडरमध्ये सोडलं, डोळा बारीक केला, गोणपाट सारून ब्लॉकच्या कडेला कोरलेली एक खूण बोटानं चाचपली. त्यांचा चेहरा उजळला.

“हे तर माझंच काम हाय! माझी खूण. वीस थाऊ कापला होता मीच. थाऊ म्हंजे इंचाचा हजारावा भाग, सूनबाई. कंपनीचं माप, त्यावर वीस, त्यावर चाळीस. संपलं. आता चाळीसचे पिस्टन आणा, झक्कास बसतील.”

मी अप्पांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरातली टायरची जाहिरात फार मन लावून वाचत होते.

“कधी कापलं होतं, चाचा?”

“लय दिस झालं. सदुसष्ट असंल. माझी ही पयली मशीन नवी आलीती. वैनी बऱ्या हाईत न्हवं, शंकराप्पा?”

“कोण वहिनी?” मी विचारलं.

“तुमच्या सासूबाई की. तवा गाडी त्यास्नीच...”

“दस्तगीर,” अप्पा म्हणाले, “चहा सांग.”

“सांगतो की. पर तवा त्या लय घाबरल्या होत्या म्हणं. आणि आता सूनबाईनं...” त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघितलं आणि त्यांना उशिरा का होईना कळलं. “चहाच सांगतो,” असं म्हणून ते गुडघे सांभाळत स्वतःच चहा सांगायला गेले.

अप्पांनी घसा साफ केला. “मी काय म्हणत होतो, चाळीस नको. सिलिंडरला नव्या स्लीव्ह बसवून टाकू. स्लीव्ह म्हंजे आत घालायची नळी. मग कंपनीच्या मापाचे पिस्टन बसतात. आठ दिवस जास्त लागतील. लागू देत.”

“का?”

“नव्यासारखं होतंय की.”

“म्हणजे परत म्हणता येईल. पाना लागलेला नाही.”

अप्पा दारातल्या बाकावर जाऊन बसले. मीही बसले. समोरच्या कारखान्यात कुठंतरी घण पडत होता.

“तू माझ्यापेक्षा बरी चालवतीस,” ते म्हणाले, “पण हिच्यापेक्षा नाही.”

मी त्यांच्याकडं वळून बसले.

“मी शिकवली तिला. साखर कारखान्याच्या मोकळ्या माळावर, सकाळी सकाळी. अज्जांना पत्ता नाही. अज्जा म्हंजे काय प्रकरण होतं ते तू बघितलं नाहीस. सून बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली चालायची नाही, गाडी तर सोडच. ते गुळाच्या कामासाठी हुबळीला गेले, पंधरा दिवस. ही म्हणाली, संकेश्वरला बहिणीकडं जाऊन येते. म्हटलं जा. तेलाचा नट ढिला होता. तो मीच नीट आवळला नव्हता, आदल्या दिवशी. वाटेत तेल सगळं गळलं. इंजिन धरलं.”

“तुमची चूक होती मग.”

“माझीच. मी सांगितलं की तिला. तिला पटलं नाही. रडत होती. मी म्हटलं, तू काही करू नकोस. तू घरात बस. परसात यायचं नाही, बघायचं नाही, कुणापाशी बोलायचं नाही. मी सगळं निस्तरतो. डेपोत रजा टाकली, इंजिन इथं आणलं, नवे पिस्टन घातले, नेऊन बसवलं. अज्जा आले त्या दिवशी सकाळी गाडी धुऊन दारात. त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. मला वाटलं, काय काम केलं मी!”

चहा आला. अप्पांनी बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

“मग तिला म्हटलं, चल, बस. नको म्हणाली. म्हणाली, तुमची गाडी तुम्ही चालवा, मी परत हात लावणार नाही. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. एकवीस वर्षं झाली, मागच्या सीटवर बसतीय. खिडकीतनं बाहेर बघत. मी तिला ‘बघू नकोस’ म्हटलं होतं न्हवं? तिनं ऐकलं माझं. अजून ऐकतीय.”

“म्हणून मला पाना दिलात.”

“तू चावी दिलीस आणि तेच बोललीस. अगदी तेच. मी म्हटलं, या वेळी नाही. या वेळी जिनं बिघडवलंय तीच खोलणार, तीच जोडणार.” त्यांनी चहा संपवला. “तुला वाटलं असंल, म्हातारा सूड घेतोय.”

“वाटलं होतं.”

“थोडासा घेतलाच,” ते म्हणाले. “घाटग्याला हात केल्याबद्दल.”

मी उठले. दस्तगीर चाचा पलीकडं उभे राहून ऐकू येत नसल्यासारखं दाखवत होते. “चाचा, चाळीस कापा,” मी म्हणाले.

“बघ हं,” अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, “चाळीसनंतर वाव नाही. पुन्हा धरलं तर मग स्लीव्हच.”

“पुन्हा धरणार नाही असं मी म्हणत नाही. धरलं तर तेव्हा स्लीव्ह बसवू. आता कशाला? ब्लॉक चांगला आहे म्हणतात ना चाचा?”

“एक नंबर,” चाचा तत्परतेनं म्हणाले.

पिस्टन घ्यायला आम्ही कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार अप्पांशी बोलायला लागला. अप्पांनी नुसता अंगठा माझ्याकडं केला. त्यानं चार खोके ठेवले. मी चारी पिस्टन काढून काउंटरवर ओळीनं मांडले आणि नटबोल्ट तोलायचा काटा मागितला.

“काटा? चारी एकाच कंपनीचे आहेत, बाई.”

“असू देत. मिनिटाला दोन-तीन हजार वेळा वर-खाली होणार. एक जड असला तर इंजिन जन्मभर थरथरत राहणार. मी नववीला शिकवते हे.”

अप्पा पुन्हा भिंतीकडं बघत होते, पण या वेळी हसू लपवायला. तीन पिस्टन सारखे भरले. चौथा आठ ग्रॅमनं जड निघाला. मी दुसरा मागितला. तो हलका. तिसरा मागितला. सातवा खोका उघडल्यावर दुकानदार म्हणाला, “पिस्टन घेताय का सोनं?”

“सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं.”

आठवा जुळला.

ब्लॉक कापून शुक्रवारी घरी आला. शनिवारी सकाळी जोडायला सुरुवात केली. पिस्टनला तीन रिंगा असतात, त्या फुललेल्या असतात. पत्र्याच्या पट्टीनं त्या आवळून धरायच्या, वरून हातोड्याच्या दांड्यानं हलके ठोके द्यायचे, आणि खाली एकानं पिस्टनचा दांडा नेमका जागेवर घ्यायचा. पहिल्याच पिस्टनला पट्टी दोनदा सुटली. ठोके मी देत होते, अप्पा खाली वाकलेले. पट्टी धरायला कुणी नाही.

“तिसरा माणूस पाहिजे,” अप्पा म्हणाले. “पोस्टमास्तरला हाक मार.”

मी परसदाराकडं गेले आणि कडी वाजवली. “अव्वा, जरा हात लागतोय.”

आतून आवाज आला, “पोस्टमास्तरला बोलवा.”

“अव्वा, कोल्हापूरला दस्तगीर मेस्त्री भेटले. विचारत होते, वहिनी बऱ्या आहेत का.”

आत भांड्याचा आवाज होत होता तो थांबला. मग दार पूर्ण उघडलं. अव्वा पदराला हात पुसत उभ्या होत्या. माझ्याकडं बघितलं, माझ्या काळ्या नखांकडं बघितलं.

“जेवायच्या आधी ती नखं घासायची,” म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून आल्या.

अप्पा खालून वर बघत राहिले. अव्वा त्यांच्याकडं न बघता इंजिनाशी बसल्या, पट्टी कशी धरायची ते मी दाखवलं, आणि त्यांनी ती धरली. लाटणं धरतात तशी, दोन्ही हातांनी, घट्ट. एकदाही सुटली नाही. दोन पिस्टन गेले. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी तो आधी हातात घेतला, वरचे आकडे जरा लांब धरून वाचले.

“चाळीस?” त्या म्हणाल्या. “माझे वीस होते.”

अप्पांचं डोकं इंजिनाआडून वर आलं. “तुला काय ठाऊक?”

“खोक्यावरचा कागद तुमच्या सदऱ्याच्या खिशात होता. धुणं कोण धूत होतं?”

“मग बोलली नाहीस कधी?”

“बोलायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं,” अव्वा म्हणाल्या. “धर गं. मार ठोका.”

संध्याकाळी महांतेश आला तेव्हा आम्ही तिघं परसात बसलो होतो, तिघांचेही हात काळे. त्यानं बॅग खाली ठेवली. “जेवायला आहे का काही,” त्यानं विचारलं, “का हॉटेलात जाऊ?”

“गाडी चालू झाली की नेतो तुला,” अप्पा म्हणाले.

इंजिन गाडीत बसायला सोमवार उजाडला. ते पहिल्या प्रयत्नात नाही, चौथ्या प्रयत्नात चालू झालं आणि निळा धूर सोडून शांत सुरात चालायला लागलं. अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला, सवयीनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मला म्हणाले, “पाचशे मैल तीसच्या वर न्यायची नाही. नवे पिस्टन आहेत, त्यांना बसू दे. जिनं जोडली तिनं फिरवायची.”

सुट्टीच होती. मी रोज सकाळी गाडी काढायला लागले. कधी हलकर्णी, कधी आजऱ्याच्या रस्त्याला, कधी नुसतीच. पहिल्या दिवशी अव्वा येते म्हणाल्या आणि मागं बसल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर मीच आंब्याच्या पेट्या ठेवल्या होत्या, त्यामुळं त्यांना पुढं बसावं लागलं. त्यांनी पेट्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बसल्या. पण पुढं बसून गप्प राहणं त्यांना जमेना.

“आता चौथा टाक.”

“टाकते, अव्वा.”

“लवकर टाकलास. ओढतीय बघ गाडी.”

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी हलकर्णीच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर खड्डे चुकवत मी अगदी रांगत चालले होते, तेव्हा एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागं टाकून गेला. अव्वा त्याच्याकडं बघत म्हणाल्या, “एवढ्या हळू तर मीसुद्धा चालवेन.”

मी ब्रेक लावला. गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरून गाडीला वळसा घालून त्यांच्या दारापाशी जाऊन उभी राहिले.

“मी बोलायचं म्हणून बोलले,” अव्वा म्हणाल्या.

“ऊन लागतंय, अव्वा. मला आत बसायचंय.”

त्या बसून राहिल्या. समोर काचेतून बघत होत्या. मग एकदम राग आल्यासारख्या खाली उतरल्या, पलीकडं गेल्या, चपला काढून सीटखाली सारल्या आणि स्टिअरिंगला बसल्या. पदर कमरेला. गिअर पहिल्याच झटक्यात पडला. मी त्यांचे हात बघत होते. कुठंच चुकत नव्हते. मैलभर गेलो. मग पुढं तो सायकलवाला दिसला, चढावर खाली उतरून सायकल ढकलत चाललेला. अव्वांनी हॉर्न वाजवला. दोनदा.

“हात करायचा नाही हं, अव्वा,” मी म्हणाले.

“मी कशाला करू? मी काय टीचर आहे?”

आम्ही घरी आलो तेव्हा अप्पा दारातल्या कट्ट्यावर पेपर वाचत होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी पेपर खाली केला. आधी डाव्या बाजूला मी दिसले. मग उजवीकडं बघितलं. पेपर तसाच हातात राहिला. ते उठले, पायऱ्या उतरले, अव्वांच्या खिडकीपाशी येतील असं मला वाटलं. पण ते सरळ पुढं गेले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

आत बघण्यासारखं काही नव्हतं. इंजिन ठीक होतं, आवाजही सुरात होता. तरी ते वाकून राहिले, कितीतरी वेळ. उघड्या बॉनेटमुळं आम्हाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसते बॉनेटला धरलेले दोन हात दिसत होते. मी अव्वांकडं बघितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मग त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

“लावा ते झाकण,” त्या म्हणाल्या. “मला अजून बाजारात जाऊन यायचंय.”